तो यांच्यात असेलही, नसेलही

साक्षीदाराचं काम नेमकं काय, हे मला पहिल्यांदा समजावून सांगितलं ते त्या रात्री माझा जबाब घेणाऱ्या महिला अधिकाऱ्यानं. "ताई, गुन्हेगार पकडून द्यायची जबाबदारी तुमची नाही. तुम्हाला काय दिसलं एवढंच सांगा. जे दिसलं नाही ते 'दिसलं नाही' असंच सांगा, तेही आम्हाला हवं असतं." ओळख परेडीपासून, म्हणजे रांगेत उभ्या केलेल्या माणसांतून आपण पाहिलेला माणूस ओळखायचा त्या प्रसंगापासून, न्यायालयातल्या साक्षीपर्यंत मी याच शब्दांना धरून राहिले. ते किती जड जाणार आहे, याचा तेव्हा अंदाज नव्हता.

प्रसंग असा. आमच्या कामाच्या इमारतीच्या तळघरात गाड्या लावतात. तिथं संध्याकाळी एका माणसानं रखवालदारकाकांच्या डोक्यात मागून लोखंडी गज घातला, त्यांच्या हातातली पिशवी हिसकावली आणि तो जिन्याकडे पळाला. मी जिना उतरत होते. तो माझ्या अगदी जवळून वर गेला. माझा एक सहकारी त्याच वेळी लिफ्टच्या दाराशी होता. काका वाचले, पण वार मागून झाल्यामुळे त्यांनी हल्लेखोराला पाहिलंच नव्हतं. कॅमेऱ्यात पळणाऱ्याची नुसती पाठ आली होती. चेहरा पाहिलेले आम्ही दोघंच.

जबाब देताना एक गोष्ट माझ्याच लक्षात आली. गजाचं वर्णन मी भराभर सांगत होते: गंजलेला, एका टोकाला मळकं फडकं गुंडाळलेलं, दुसरं टोक किंचित वाकलेलं. चेहऱ्याशी आले आणि शब्द संपले. गाल बसलेले, कपाळ मोठं, दाढी वाढलेली, भुवईपाशी काहीतरी खूण. बस्स. याला मानसशास्त्रात 'वेपन फोकस', म्हणजे शस्त्रावर लक्ष खिळणं, असं नाव आहे आणि त्यावर भरपूर काम झालेलं आहे, हे मी नंतर वाचलं. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली काही लोकांना चित्रमालिका दाखवली होती. उपाहारगृहातलं एक गिऱ्हाईक गल्ल्यावरच्या बाईसमोर काहीतरी धरतं. निम्म्या लोकांना दिसलं की ते धनादेश देतंय, निम्म्यांना दिसलं की ते पिस्तूल रोखतंय. बाकी सगळं सारखंच. बघणाऱ्यांची नजर कुठे खिळते हे यंत्रानं टिपलं, तर पिस्तुलावर ती जास्त वेळा आणि जास्त वेळ थांबत होती. पिस्तूल पाहिलेल्यांना तो माणूस नंतर ओळखणं अवघड गेलं. शस्त्र डोळ्यांना ओढून घेतं आणि चेहऱ्याच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

अधिकारी बाईंनी एकदाही "मिशी होती का?", "उंच होता ना?" असं विचारलं नाही. "आणखी काय आठवतं?" एवढंच म्हणून त्या गप्प बसायच्या. ती शांतता मला आधी टोचली, मग तिचा उपयोग कळला. प्रश्नातला एक शब्दसुद्धा आठवणीत शिरतो. लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग याबाबत प्रसिद्धच आहे. मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवून काहींना विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा वेग किती होता. दुसऱ्या गटानं वेग जास्त सांगितला. आठवड्यानं दोन्ही गटांना विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच चित्रफितीत नव्हतीच. 'लागल्या' ऐकलेल्या ५० जणांपैकी ७ जण 'दिसली' म्हणाले, 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जण. एका क्रियापदानं काच तयार केली. मला त्या रात्री कुणी मिशीबद्दल विचारलं असतं, तर आज माझ्या आठवणीतल्या त्या चेहऱ्याला मिशी असती की नाही हे मला सांगता आलं नसतं.

सहकाऱ्याचा जबाब वेगळ्या खोलीत झाला. आपापसात याबद्दल बोलू नका, असं दोघांनाही बजावलं होतं. हेही उगाच नव्हतं. फियोना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांनी २००३ साली जोडीजोडीनं लोकांना एकाच घटनेच्या थोड्या वेगळ्या चित्रफिती दाखवल्या आणि मग जोडीदारांना आपसात बोलू दिलं. बोलणं झालेल्यांपैकी ७१ टक्क्यांनी अशी किमान एक तरी गोष्ट नंतर सांगितली, जी त्यांनी स्वतः पाहिली नव्हती, फक्त जोडीदाराकडून ऐकली होती. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं. ऐकलेलं आणि पाहिलेलं मनात एकाच जागी जाऊन बसतं, आणि कुठून काय आलं याची चिठ्ठी त्यावर लागत नाही.

काही काळानं एका माणसाला ताब्यात घेतल्याचं कळलं. कळलं कसं, तर कामाच्या ठिकाणच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. कुणीतरी कुठूनतरी त्याचा फोटो मिळवला होता आणि 'हाच तो' असं लिहून टाकला होता. सुदैवानं फोटो उघडण्याआधी मी खालचा मजकूर वाचला. ग्रुपमधून बाहेर पडले, फोनमधला तो सगळा संवाद काढून टाकला. कुणी फोटो दाखवायला आलं तर बघू नका, असं अधिकारी बाईंनी सांगून ठेवलं होतं. त्यामुळे हात आवरला. सहकाऱ्यानं मात्र फोटो पाहिला. मी बघणार नाही म्हटल्यावर तो वैतागलाच. "अगं, चेहरा डोळ्यांसमोर असला तर परेडमध्ये ओळखायला सोपं नाही का जाणार?"

सोपं जाणार, यात शंका नाही. प्रश्न एवढाच, की परेडमध्ये तो कुणाला ओळखणार: जिन्याकडे पळालेल्या माणसाला की फोटोतल्या माणसाला? ओळखीची जाणीव आली की 'हा चेहरा मी पाहिलाय' एवढंच मन सांगतं. कुठे पाहिलाय हे ते वेगळं शोधतं, आणि त्यात चुकतं. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांच्यावर तर हे प्रत्यक्ष ओढवलं. एका बलात्कारपीडितेनं हल्लेखोर म्हणून त्यांना ओळखलं. हल्ला झाला त्या वेळी ते दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात बोलत होते. त्या बाईंच्या घरातला संच सुरू होता आणि पडद्यावरचा चेहरा हल्लेखोराच्या चेहऱ्याच्या जागी जाऊन बसला होता. थॉमसन सुटले, कारण त्यांच्याकडे असा पुरावा होता जो क्वचितच कुणाकडे असेल. त्यांचा अभ्यासाचा विषय साक्षीदारांची स्मृती हाच होता.

परेडीला बोलावणं येईपर्यंतचे दिवस वाईट गेले. मी रात्री डोळे मिटून तो चेहरा आणायचा प्रयत्न करायची आणि दर वेळी तो जरा वेगळा यायचा. आपण ज्याला एवढं घाबरलो तो चेहरा मनावर कोरलाच जाणार, असं मला वाटायचं, आणि आजूबाजूचे सगळे हेच म्हणायचे. प्रत्यक्षात उलटं आढळलं आहे. चार्ल्स मॉर्गन यांच्या गटानं २००४ साली अमेरिकी सैनिकांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. शत्रूच्या हाती सापडल्यास काय करायचं याचं प्रशिक्षण घेणारे हे पाचशेहून अधिक जण. त्यांची अर्ध्या तासाहून जास्त वेळ, समोरासमोर, पुरेशा उजेडात चौकशी झाली. एक धाकदपटशाची, एक सौम्य. नंतर प्रत्यक्ष ओळख परेडीत सौम्य चौकशी करणारा ६२ टक्के सैनिकांनी बरोबर ओळखला, धाकदपटशा करणारा फक्त ३० टक्क्यांनी. हे कणखर, तरुण, प्रशिक्षित लोक. माझ्या वाट्याला तर जिन्यातले काही क्षण आले होते.

आणखी एक प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात स्मृतीचा संबंधच नाही. विकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली लोकांसमोर एका अनोळखी माणसाचं चांगलं, स्पष्ट छायाचित्र ठेवलं आणि त्याच्याच शेजारी दहा चेहरे. यातला तोच माणूस शोधा. घाई नाही, काही लक्षात ठेवायचं नाही. तरी साधारण ७० टक्के वेळाच उत्तर बरोबर आलं. आपल्या माणसाचा चेहरा आपण गर्दीत, अंधुक उजेडात, वीस वर्षांनीही ओळखतो आणि त्यावरून समजतो की चेहरे ओळखण्यात आपण तरबेज आहोत. ते कौशल्य ओळखीच्या चेहऱ्यांपुरतं आहे. अनोळखी चेहऱ्यासमोर आपण सगळेच बरेच कच्चे असतो.

परेडीच्या दिवशी आम्हा दोघांना वेगळ्या वेळी, वेगळ्या दारानं आत घेतलं. फोन बाहेर ठेवायला लावले. जबाब घेणाऱ्या अधिकारी बाई किंवा तपासातलं ओळखीचं कुणीही तिथं नव्हतं. परेड घेणारे अधिकारी वेगळे, वयानं मोठे. बोलायला सुरुवात करतानाच ते म्हणाले, "यातला संशयित कोण, हे मलाही माहीत नाही. तेव्हा माझ्याकडे बघून तुम्हाला काही कळणार नाही." मग त्यांनी कागदावरून सावकाश वाचून दाखवलं: "तुम्ही पाहिलेला माणूस यांच्यात असेलही, नसेलही. कुणाला निवडलंच पाहिजे असं नाही. तुम्ही कुणालाही निवडलं नाही तरी तपास चालूच राहणार आहे." कळलं का, असं विचारलं आणि मला ते माझ्या शब्दांत परत सांगायला लावलं.

असेलही, नसेलही. या दोन शब्दांचं वजन आकड्यांत मोजलेलं आहे. रॉय मालपास आणि पॅट्रिशिया डिव्हाइन यांनी १९८१ साली विद्यार्थ्यांसमोर तोडफोडीचा बनाव घडवून आणला आणि मग त्यांना परेड दाखवली. एका गटाला सूचनाच अशी दिली की गुन्हेगार यांच्यात आहे असं वाटावं. दुसऱ्या गटाला 'कुणीच नाही' असंही सांगता येईल हे स्पष्ट केलं. गुन्हेगार रांगेत नव्हताच, तेव्हा पहिल्या गटातल्या ७८ टक्के जणांनी कुणातरी निरपराध माणसाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३३ टक्क्यांवर आलं. फरक काय, तर एका वाक्याचा. तरीही ३३ टक्के उरले, हे मला आजही अस्वस्थ करतं.

काचेपलीकडे माणसं उभी होती, प्रत्येकाच्या हातात क्रमांक. पाहताक्षणी जाणवलं ते हे, की सगळे माझ्या जबाबातून उतरल्यासारखे होते. सगळ्यांचे गाल बसलेले, सगळ्यांची कपाळं मोठी, दाढ्या वाढलेल्या. आणि प्रत्येकाच्या भुवईपाशी एकसारखी चिकटपट्टी. मी खुणेचा उल्लेख केला होता. संशयिताला खूण असेल तर ती त्याच्या एकट्याच्या अंगावर उठून दिसू नये म्हणून सगळ्यांना पट्टी. त्या क्षणी मला जरा रागच आला. मदत करायची सोडून हे अवघड का करून ठेवतात? शांतपणे विचार केल्यावर कळलं की मदत हीच आहे. रांगेत एकालाच वाढलेली दाढी असती, तर मला काही आठवण्याची गरजच नव्हती; जबाब वाचलेला कुणीही, तळघरात कधी पाऊल न टाकलेला माणूससुद्धा, त्याच्याकडे बोट दाखवू शकला असता. परेड नीट रचली आहे की नाही हे तपासायची एक जुनी, साधी पद्धत हीच आहे: घटना न पाहिलेल्या लोकांना फक्त वर्णन वाचायला द्यायचं आणि रांगेतून निवडायला सांगायचं. सगळे एकाच माणसाकडे वळले तर परेड वाया गेली. रांगेतल्या डमी माणसांचं, म्हणजे संशयिताबरोबर उभ्या केलेल्या इतरांचं, काम उभं राहण्याइतकंच दिसतं, पण निरपराध संशयिताचं सगळं संरक्षण त्यांच्यावर असतं.

मी डावीकडून उजवीकडे पाहिलं. मग परत. 'हाच' असं आतून काही उसळलं नाही. आणि मग माझ्या मनानं माझ्या नकळत एक काम सुरू केलं: गाळणं. पहिला नाही, हनुवटी वेगळी. सहावा फार रुंद. दुसरा नाही. नजर चौथ्यावर येऊन थांबायला लागली. त्याच्यात काहीतरी होतं, कपाळाची ठेवण असेल, मान धरायची पद्धत असेल. बाकीचे गळत गेले तसा तो जवळ येत गेला. 'म्हणजे हाच असणार.' हे वाक्य मनात आलं आणि त्यातल्या 'म्हणजे'पाशी मी थबकले. मला तो आठवत नव्हता. मी उत्तर काढत होते.

हे जे मला होत होतं त्याला गॅरी वेल्स यांनी १९८४ साली तुलनेवरचा निवाडा म्हटलं: समोरच्यांपैकी आठवणीला सगळ्यांत जवळचा कोण, एवढंच मन ठरवतं. मूळ माणूस रांगेत नसेल तरी 'सगळ्यांत जवळचा' कुणीतरी असतोच. त्यांनी १९९३ साली हे फार सुरेख दाखवलं. बनावट गुन्हा पाहिलेल्या लोकांना सहा जणांची परेड दाखवली. गुन्हेगार त्यात होता तेव्हा ५४ टक्क्यांनी त्याला निवडलं, २१ टक्क्यांनी कुणालाच निवडलं नाही. दुसऱ्या गटाला तीच परेड गुन्हेगाराला काढून, उरलेल्या पाचांची दाखवली. ज्या ५४ टक्क्यांनी त्याला ओळखलं असतं ते आता 'यांच्यात नाही' म्हणतील अशी अपेक्षा. तसं घडलं नाही. कुणालाच न निवडणारे २१ वरून फक्त ३२ टक्क्यांवर गेले. बाकीच्यांनी त्याच्याशी जास्तीत जास्त साम्य असलेल्या दुसऱ्या कुणाकडे तरी बोट दाखवलं. खऱ्या ओळखीचा अनुभव वेगळा असतो. डेव्हिड डनिंग आणि लिसा बेथ स्टर्न यांना १९९४ साली आढळलं की बरोबर ओळखणारे बहुधा 'चेहरा एकदम समोर आला' असं सांगतात. चुकणारे बहुधा एकेक गाळत उत्तरापर्यंत पोचलेले असतात.

हे सगळं मला त्या खोलीत माहीत नव्हतं. काय वाटत होतं ते सांगते. काकांच्या डोक्याचे टाके डोळ्यांसमोर होते. एवढे लोक, एवढी तयारी, सगळी माझ्यासाठी थांबलेली. मी काहीच बोलले नाही तर तो सुटेल आणि त्याला मी कारण होईन. परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका ठेवून उठायची लाज वाटावी तशी लाज वाटत होती. साक्षीदारावर कुणी दबाव टाकत नाही तेव्हाही केवढा दबाव असतो! 'असेलही, नसेलही' हे वाक्य ऐकलेलं नसतं, तर मी चार म्हटलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मी म्हणाले, "चार नंबरचा चेहरा जवळचा वाटतो. पण तोच, असं मी म्हणू शकत नाही."

"किती खात्री आहे? तुमच्या शब्दांत सांगा."

"निम्म्याहून कमी."

त्यांनी ते शब्द जसेच्या तसे लिहिले, वाचून दाखवले, सही घेतली. मी नकळत त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. बरोबर का? चार होता का? त्यांना माहीतच नव्हतं, त्यामुळे चेहऱ्यावर काही उमटण्याचा प्रश्नच नव्हता. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं की निकालाबद्दल तुम्हाला कुणी काही सांगणार नाही.

या कोरडेपणाचा त्या वेळी त्रास झाला. आज मला तो या सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी १९९८ साली काही लोकांना सुरक्षा कॅमेऱ्याची चित्रफीत दाखवली आणि मग छायाचित्रांतून माणूस ओळखायला सांगितलं. तो माणूस छायाचित्रांत नव्हताच. म्हणजे निवड केलेले सगळेच चुकले. त्यातल्या काहींना सांगितलं, "छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत." काहींना काहीच सांगितलं नाही. 'छान' ऐकलेले लोक नंतर सांगू लागले की निवडताना आपल्याला पुरती खात्री होती, चेहरा नीट दिसला होता, आपण लक्ष देऊन पाहत होतो. एका शाबासकीनं त्यांची मागची आठवणच बदलली. 'तेव्हा किती खात्री होती' हे त्यानंतर त्यांचं त्यांनाही कळेनासं झालं.

रोनाल्ड कॉटन यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. जेनिफर थॉम्पसन या विद्यार्थिनीवर १९८४ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या बर्लिंग्टन इथं बलात्कार झाला. हल्लेखोराचा चेहरा लक्षात ठेवायचाच, असं ठरवून त्यांनी तो पाहिला होता. इतक्या जागरूक साक्षीदार विरळाच. तरी छायाचित्रांतून निवडताना त्यांना काही मिनिटं लागली. त्यानंतरच्या प्रत्यक्ष परेडीत त्यांनी कॉटन यांनाच निवडलं. दोन्हीकडे होते असे ते एकटेच होते. फोटोतलाही हाच, असं पोलिसांकडून कळलं. न्यायालयात उभ्या राहिल्या तोवर त्यांच्या मनात तिळभर शंका उरली नव्हती. खरा गुन्हेगार, बॉबी पूल, १९८७ च्या फेरखटल्यात त्यांच्यासमोर आणला गेला आणि त्यांनी त्याला ओळखलं नाही. दहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर १९९५ साली डीएनए तपासणीतून कॉटन निर्दोष ठरले. थॉम्पसन आणि कॉटन यांनी पुढे मिळून या पद्धती बदलण्यासाठी काम केलं. त्या दोघांबद्दल मला अपार आदर आहे.

कायद्याचे प्राध्यापक ब्रॅंडन गॅरेट यांनी अमेरिकेत डीएनएमुळे सुटलेल्या पहिल्या २५० जणांचे खटले अभ्यासले. १९० खटल्यांत चुकीची ओळख होती. याहून जास्त मला दुसरा आकडा हलवून गेला: ज्या १६१ खटल्यांतल्या साक्षींची नोंद त्यांना मिळाली, त्यांतल्या ५७ टक्के खटल्यांत साक्षीदारांनी कबूल केलं होतं की पहिल्यांदा ओळखताना आपल्याला खात्री नव्हती. न्यायालयात ती होती. मधल्या काळात ती वाढली होती. म्हणून मला वाटतं, साक्षीदारांवर विश्वास ठेवूच नये असं म्हणणं साफ चूक आहे. जॉन विक्स्टेड आणि वेल्स यांनी २०१७ साली बराच पुरावा एकत्र करून दाखवलं की परेड नीट घेतली असेल, तर पहिल्याच वेळी, तिथल्या तिथे सांगितलेली खात्री बऱ्यापैकी विश्वासार्ह असते. तेव्हा खात्रीनं ओळखणारे बहुधा बरोबर असतात आणि चाचरणारे बहुधा चुकतात. चाचरणं हीच माहिती आहे. ती कागदावर उतरली पाहिजे.

माझी ती उतरली होती. तरी तपासाशी संबंधित एकाचा काही काळानं मला फोन आला: "पुन्हा एकदा फोटो बघून घ्या ना, या वेळी कदाचित पटकन लक्षात येईल." मी नको म्हटलं. माझा नकार हट्टाचा नव्हता. चौथ्या क्रमांकाचा माणूस आता माझ्या ओळखीचा झाला होता, परेडीमुळेच. तो फोटोत दिसला तर ओळखीचा वाटणारच; तो जिन्यातला माणूस असो वा नसो. विक्स्टेड, वेल्स, लॉफ्टस आणि ब्रॅंडन गॅरेट यांनी २०२१ साली एकत्र लिहून हेच मांडलं, की साक्षीदाराची एका संशयिताबाबतची स्मृती एकदाच तपासावी, कारण पहिली तपासणीच स्मृतीला बदलून टाकते.

सहकाऱ्यानं परेडीत 'लगेच ओळखला' हे त्यानं स्वतःच सगळ्यांना सांगितलं. पहिल्या रात्री तो मला म्हणाला होता की त्याला बाजूनंच दिसलं. आता तो समोरून पाहिल्याचं सांगतो, आणि दर वेळी जरा जास्त ठामपणे. तो खोटं बोलत नाही, हे मी शपथेवर सांगेन. तो बरोबरही असू शकतो. मला दुःख याचं होतं की ते आता कधीच कळणार नाही. ग्रुपवर फोटो टाकणाऱ्याला आपण न्यायाला मदत करतोय असं वाटलं असेल; त्यानं एक खराखुरा साक्षीदार कायमचा वाया घालवला. मी तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवलं की अमुक दिवशी फोटो फिरला होता, आणि त्या पत्राची पोच घेतली. सहकाऱ्याला तेही आधी सांगितलं. तो काही दिवस माझ्याशी बोलला नाही.

माझी साक्ष झाली तेव्हा आरोपी पिंजऱ्यात उभा होता. सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या दिवशी पाहिलेला इसम आज न्यायालयात हजर आहे का?" अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली याच प्रकारच्या ओळखीवर बंधन घातलं: आधी नीट ओळख परेड झालेली नसेल, तर सबळ कारणाशिवाय साक्षीदाराला न्यायालयात पहिल्यांदा आरोपी ओळखायला लावू नये. कारण उघड आहे. इथे रांग नसते, डमी नसतात, चिकटपट्टी नसते. पिंजऱ्यात एकच माणूस असतो.

मी म्हणाले, "पिंजऱ्यात उभा असलेला माणूस परेडीत चार नंबरला होता, एवढं मी ओळखते. जिन्यातला माणूस तोच का, याबद्दल परेडीत मी जे सांगितलं तेवढंच मला सांगता येईल. आज त्यात भर घालता येणार नाही."

सरकारी वकिलांना ते आवडलं नाही. त्यांनी प्रश्न फिरवून परत विचारला, मी तेच उत्तर दिलं. बचाव पक्षाच्या वकिलांनी माझ्या 'निम्म्याहून कमी'वर बोट ठेवलं आणि तुम्हाला काहीच दिसलं नव्हतं, असं वदवून घ्यायचा प्रयत्न केला. तेही मी मान्य केलं नाही. मला एक चेहरा दिसला होता, त्याचं वर्णन पहिल्याच रात्री नोंदलेलं आहे, आणि चार नंबर त्या चेहऱ्याच्या जवळचा वाटला होता. हे तिन्ही खरं आहे आणि तिघांचं वजन जेवढं आहे तेवढंच धरावं. न्यायाधीशांनी परेडीचा कागद मागवला, माझे शब्द मोठ्यानं वाचले आणि नोंदीत घ्यायला सांगितले.

सहकाऱ्याची साक्ष पुढच्या तारखेला आहे. फोटोबद्दलचं माझं पत्र कागदपत्रांत लावलेलं आहे, याची मी खात्री करून घेतली आहे. परेडीत त्यानं नेमके कोणते शब्द वापरले हे मला माहीत नाही. तेही जसेच्या तसे लिहिलेले असतील, अशी आशा आहे.